खाटेखालची ओल

विश्वास ठेवून दाखव. नाही ठेवता यायचा तुला. मी सांगते त्यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला ना, तर मला खोटारडी म्हणायचं सोडून दे. हसतेस काय? हसून घे. ह्या गोष्टीला आधी सगळेच हसतात आणि मग हळूच पाय वर घेऊन बसतात. तू आत्ताच घे, म्हणजे नंतर धावपळ नको. आणि तेवढी सुई ओवून दे मला. बोलायला तोंड शाबूत आहे, डोळे मात्र कामावर येत नाहीत.

तर एक सून होती. औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, म्हणून सगळी गल्ली तिला औषधताई म्हणायची. नवरा मोठ्या ट्रकवर. आज इथे, उद्या भलतीकडेच. कधीतरी उगवायचा, मळके कपडे टाकायचा आणि धुतलेले घेऊन पुन्हा मावळायचा. घरात म्हणजे ही आणि सासूबाई, दोघीच. सासरे आदल्या वर्षी गेलेले.

सासू-सून म्हटल्यावर तुझे कान उभे राहिले, दिसतंय मला. तसलं काही नाही त्यात. हिला आई नव्हती, त्यांना लेक नव्हती. दोघींचं असं गूळपीठ, की भांडताना सुद्धा एकमेकींचीच बाजू घ्यायच्या. म्हणून तर गोष्ट आहे. नाहीतर सासू आजारी आणि सून औषध देईना, ह्यात नवल ते काय? इथे सून औषध घेऊन मागे लागलेली आणि सासू तोंड उघडेना.

आजार साधा नव्हता. सासूबाईंचं हृदय दमलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पंप थकलाय, अंगात पाणी साठतंय. पाय असे सुजायचे की बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा, आणि चहा उकळून गाळून झाला तरी तो खड्डा भरायचा नाही. जिना चढताना मधल्या वळणावर बसायच्या आणि म्हणायच्या, दमले नाही गं, हवा खातेय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एक हृदयाची, एक पाणी काढायची. नावं इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाहीत. औषधताईला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, ह्या घेतल्या तर अजून बरीच वर्षं काढतील. नाही घेतल्या तर ही थंडी काही निघायची नाही.

आणि सासूबाईंनी तर शपथच घेतलेली. गोळी ओठाला लावणार नाही.

का, ते ऐक. सासऱ्यांनाही हाच आजार. तेव्हा दोन्ही चालू होतं, एका हाताला गोळी आणि एका हाताला प्रार्थनेचं पाणी. तरी ते गेले. उशांच्या ढिगाला टेकून, बसल्या बसल्या, धापा टाकत. तेव्हापासून सासूबाईंच्या मनाने घेतलं, की मी दोन दगडांवर पाय ठेवला. देवाला अर्धाच विश्वास दिला, म्हणून देवाने अर्धाच माणूस बरा केला. आता देईन तर पुरता देईन.

प्रार्थनेचं पाणी म्हणजे पाणीमामांचं. सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे सुट्टीच्या दिवशी लोक जमायचे. जो तो घरून बाटली भरून आणायचा, टेबलावर ठेवायचा. मामा एकेका बाटलीवर हात ठेवून, डोळे मिटून, पुटपुटायचे. मूळचा नळ दुरुस्त करणारा माणूस. पाण्याशी आयुष्यभर संबंध, मग देवानेही त्याच खात्यात बढती दिली असणार. पण लबाड नव्हता हो. मी पुष्कळ लबाड बघितलेत, स्वतःही काही कमी नाही, म्हणून सांगते.

एका सुट्टीच्या दिवशी दोघी तिथे गेल्या. काम नेहमीचंच, बाटलीवर मामांचा हात ठेववून घ्यायचा. औषधताईने सासूबाईंना धरधरून वर नेलं. मामांनी त्यांचे पाय बघितले आणि बाटलीला हात लावायच्या आधी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना?

"नाहीत. आणि होणारही नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आजी, मी स्वतः रोज पोटात सुई टोचून घेतो, साखरेची. मग देवाचं नाव घेतो. सगळ्यांना हेच सांगतो मी, पाणी प्या आणि गोळीही घ्या. देवाने डॉक्टर काय रिकामपणी केले का?"

"तुमचा विश्वास कमी पडत असेल, मामा. माझा पुरतो."

सगळी खोली हसली. मामाही हसले. औषधताईला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मामांनी बाटलीवर हात ठेवला, दोघी घरी आल्या. येताना जिन्याच्या वळणावर सासूबाई इतका वेळ हवा खात बसल्या, की शेजारच्या निळ्या भिंतीपेक्षा त्यांचे ओठ निळे दिसायला लागले.

त्याच दिवशी औषधताईने ठरवलं.

डॉक्टरांकडे जाऊन तिने आडून आडून विचारलं, गोळी पाण्यात विरघळते का हो? डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, विरघळते. पुढचं मला सांगू नकोस. पोटात गेल्याशी कारण.

मग रोज दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गोळ्या चमच्याच्या पाठीने चुरायची आणि पुडी बांधून पदराला खोचायची. दिवेलागणीला सासूबाईंचा ग्लास भरताना पुडी हळूच आत. पहिल्या दिवशी तिला देवाच्या पाण्यात आपण भेसळ करतोय असं वाटलं. मग ती मनात म्हणाली, देवा, पाणी तुझं, गोळी माझी, दोघं मिळून काय ते बघू. आणि ढवळलं.

बोट बुडवून चाखलं, तर कडूजहर. आता पकडले जाणार, तिला वाटलं. कारण सासूबाई म्हणजे साध्या पाण्यातही मीठ कमी आहे म्हणणारी बाई. पण त्या ग्लास घेऊन नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आतून प्रार्थनेचा आवाज आला. मग नुसतं कुजबुजणं. मग ग्लास घेऊन बाहेर आल्या, तो रिकामा. कडू म्हणाल्या नाहीत, गोड म्हणाल्या नाहीत.

आतली खोली सासऱ्यांची. ते गेल्यावर सासूबाई तिथे झोपायच्या, पण खाली, गादीवर. खाट तशीच ठेवलेली, चादर घालून, डोक्याशी उशांचा उंच ढीग, ते होते तेव्हा होता तसा. खाट उंच पडते मला, गुडघे धरतात, असं सासूबाई म्हणायच्या. सुनेने मान डोलावली. आपणही तेच केलं असतं.

आता ती वाट बघायला लागली. पाणी काढायच्या गोळीचं एक असतं बघ, घेणाऱ्याला ती बसू देत नाही. ती घेतलेल्या माणसाने मोरीच्या दारातच संसार मांडायचा. पण सासूबाई? ढिम्म. पाय उतरायच्या ऐवजी सूज गुडघ्यापर्यंत चढली. औषधताईने डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कपाळाला आठ्या घालून गोळी वाढवली. तिने पुडी मोठी केली. सूज तिथल्या तिथे.

पण पाणी कुठेतरी निघत होतं.

एका सकाळी ती आतली खोली झाडायला गेली तर खाटेखाली ओल. सांडलं असेल म्हणून तिने पुसून घेतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा. पाण्याला वास होता. घाण नव्हे, कसा सांगू तुला… खोल विहिरीच्या तळाशी असतो तसा, जिथे ऊन कधी पोचलेलंच नाही. फडकं पिळताना हात गारठले तिचे. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, बाटली कलंडली गं.

आणि उशा. तिने सहज बघितलं, ढीग अर्ध्यावर आला होता. बाकीच्या उशा कोपऱ्यात रचून ठेवलेल्या.

"लागत नाहीत आता एवढ्या," सासूबाई म्हणाल्या.

औषधताईला बरं वाटलं. हृदयाच्या आजाऱ्याला जितक्या कमी उशा लागतील तितका तो सुधारला, हे तिला दुकानात उभं राहून राहून ठाऊक झालेलं. पण त्या संध्याकाळी सासूबाईंची धाप तिला स्वयंपाकघरात ऐकू आली. मग उशा कुणाला लागत नव्हत्या? ह्या प्रश्नापर्यंत तिचं डोकं आलं आणि तिथून मागे फिरलं. डोकं शहाणं असतं, पोरी. जिथे जाऊ नये तिथे आपणहून जात नाही. कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

धरून नेणारी होती खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली. नवीनच राहायला आलेली, साधी सरळ पोरगी. तिची शिकवणीची खोली बरोबर ह्यांच्या आतल्या खोलीखाली. एका दुपारी ती घसा धरून दुकानात आली.

"ताई, तुमच्या आजोबांना देता ना, तेच द्या मला. खोकल्याचं."

औषधताई हसली. कुठले आजोबा, असं विचारलं.

"तुमचेच की, वरचे. मी आले तेव्हा केवढे खोकायचे बिचारे. माझी मुलं पाढे म्हणता म्हणता थांबायची. आता खोकला गेलाच जवळजवळ. आणि चालतातही. आधी पाय ओढत होते, आता कसे स्वच्छ पडतात."

औषधताईने हातातली बाटली काउंटरवर ठेवली. अगदी सावकाश ठेवली, जणू ती वाजली तर काहीतरी खरं होईल.

"आई चालत असतील… आमच्या."

"आजी? त्या कुठे, त्या माझ्याशेजारीच खालच्या पायरीवर बसल्या होत्या, उन्हाला. आम्ही दोघींनी ऐकलं. त्या वर बघून हसल्या नुसत्या." मग तिला आठवलं. "आणि हो, त्यांच्या खोलीखाली आमच्या छताला ओल आलीय. तेवढं बघा ना. वास येतो त्याला… गार."

आमच्याकडे आजोबा नाहीत, हे वाक्य औषधताईच्या ओठापर्यंत आलं आणि थिजलं. भर दुपार, रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं, समोर हातगाडीवाला ओरडत होता, आणि हिच्या पाठीवरून तो विहिरीच्या तळाचा गारठा चढत होता. शिकवणीवालीला तिने काय दिलं ते तिला आजही सांगता यायचं नाही.

ती दुकान दुसऱ्यावर टाकून घरी आली. सासूबाई बाहेरच्या खुर्चीत होत्या, पाय पाटावर, डोळे मिटलेले. धाप चालूच. आतलं दार लोटलेलं. औषधताई त्या दारापुढे उभी राहिली. कडीला हात लावायचा, एवढंच. नाही लावला. स्वयंपाकघरात गेली आणि दिवेलागण होईपर्यंत एकच भांडं घासत बसली.

मग तिने ग्लास भरला, पुडी टाकली, ढवळला आणि सासूबाईंपुढे धरला.

"आई, आज माझ्यासमोर प्या."

सासूबाईंनी डोळे उघडले. गोंधळल्यासारख्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"मी? मी कुठे पिते?"

"मग… कोण पितं?"

सासूबाईंनी दाराकडे मान वळवली. आत कुणी झोपलं असलं की आपण बघतो ना, तसं बघितलं, आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजी काय आणली ते सांगावं तसं. मी स्वतःसाठी एकदाही मागितलं नाही म्हणाल्या. माझं काय, पिकलं पान. पहिल्या बाटलीपासून त्यांच्यासाठीच मागितलं, पुरता विश्वास ठेवून, की अर्धा बरा केलेला माणूस पुरा करून दे. ते आले. लवकरच आले. पण गेले त्याच अवस्थेत आले. रात्रंदिवस उशांना टेकून खोकायचे, बोलवायचं नाही. ग्लास तसाच भरलेला राहायचा. मग एक दिवस, तू स्वतः ग्लास भरून द्यायला लागलीस ना, त्याच सुमाराला, त्यांनी पहिला घोट घेतला. तोंड वाकडं केलं, पण घेतला. तेव्हापासून चढती कमान आहे. अंगातलं पाणी निघतंय. आडवे होतात आता. आपणहून उठून चालतात.

"बघितलंस, नुसत्या विश्वासाने काय होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि धाप लागून थांबल्या.

औषधताईला ओरडावंसं वाटत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ते निळे ओठ होते. त्या सगळ्या पुड्या, एवढ्या दिवसांच्या, ह्या छातीत जायच्या होत्या. एकही गेली नव्हती. आत जे कुणी होतं ते हिच्या वाटणीचं आयुष्य पीत होतं.

"आई," ती म्हणाली, "त्या पाण्यात गोळ्या होत्या."

बाहेर कुठेतरी दार आपटलं. सासूबाई रागावतील, शाप देतील, ह्या तयारीने सून उभी होती. पण त्या बाईचा चेहरा बघायला हवा होतास. मेलेला नवरा येऊन खाटेवर बसला, ह्याचा तिला धक्का बसला नव्हता. त्याला गोळी लागू पडली, ह्याचा बसला.

"म्हणजे… आले प्रार्थनेने," त्या म्हणाल्या, "आणि उठले गोळीने?"

"मला नाही माहीत, आई."

"दोन्ही लागतं तर." सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मग तेव्हा तरी का गेले? एखादवेळेस उशीर झाला असेल. माझी अक्कल बघ, त्या गोळीला वर्षभर शिव्या दिल्या मी." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून दोन ग्लास कर. मेलेल्या माणसाला गुण आला, मी तर अजून धुगधुगतेय."

काय करेल सांग ती पोर? जे हवं होतं ते पदरात पडलं. ते कुठून आलं, हे बघायला मान वळवायची नाही, एवढंच. तिने दुसऱ्या दिवशी दोन ग्लास केले.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि जी बोंब ठोकली. कडू आहे, कारल्याचा सासरा आहे, तुझ्या डॉक्टरला पाज. सुनेच्या जिवात जीव आला. खऱ्या पिणाऱ्या माणसाचं तोंड असं होतं. मग मोरीच्या फेऱ्या सुरू झाल्या, पाय उतरायला लागले, घोट्याचं हाड वर्षानंतर दिसलं तेव्हा सासूबाईंनी ते शेजारणीला दाखवलं, नवा दागिना दाखवावा तसं. दुसरा ग्लास त्या स्वतः आत न्यायच्या. सून त्या वेळी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची, म्हणजे काही ऐकू यायला नको. ग्लास बाहेर यायचा तो कोरडा. रिकामा नव्हे, कोरडा, आतून पुसल्यासारखा.

थोडे दिवस बरे गेले. मग तिच्या मनात आलं, की आपण हे काय करतोय. जिवंत माणसाचं औषध जिवंताला. त्याला नुसतं पाणी पुरे. आलाय तो प्रार्थनेने, राहील प्रार्थनेवर. आणि नाही राहिला, तर… तर आणखी चांगलं. एका संध्याकाळी तिने एकाच ग्लासात पुडी टाकली. दुसऱ्यात नाही. कुणालाही कळणार नाही असं ढवळलं दोन्ही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा आवाज खोल गेला. आणखी दोन दिवसांनी पायावर पुन्हा बोटाचा खड्डा. औषधताई घाबरली. गोळी तर चालू आहे, मग असं का?

"ते म्हणाले, ह्यात काही नाही," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "म्हणून मी माझा दिला त्यांना. त्यांचा मी प्यायले."

"आई…"

"रागावले नाहीत हं तुझ्यावर. उलट हसले. एवढंच म्हणाले… तिला विचार, मला परत मारायचंय का."

त्या संध्याकाळी दोन्ही ग्लासांत पुडी पडली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणीमामांकडे गेली. प्रार्थनेचा दिवस नव्हता. लांबट खोली रिकामी, खालून सायकलच्या घंट्यांचे आवाज येत होते आणि मामा कोपऱ्यातल्या बेसिनखाली वाकून नळाचा वायसर बदलत होते. तिने सगळं सांगितलं. मध्ये एकदा वाटलं की आता हे हसतील. ते हसले नाहीत. पाना हातात तसाच राहिला आणि नळातून पाणी वाहत राहिलं. नळवाल्याच्या हातून, बघ, नळ वाहत राहिला.

"मी काय म्हणतो पाण्यावर, ते ठाऊक आहे तुला?" त्यांनी विचारलं. "एकच वाक्य आहे. हे जो पिईल, तो बरा होवो. बास."

"मग आता त्यात घाला ना, मामा. जिवंत असेल तर, असं घाला."

मामा टेबलाकडे बघत होते. टेबल रिकामं होतं, पण बाटल्यांचे गोल गोल ओले डाग त्यावर अजून होते, एकाला एक लागून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आत्तापर्यंतचं काय?" ते म्हणाले. "घरोघर गेलंय पाणी."

"नुसतं पाणी गेलंय ना. गोळी तर मी घातली."

मामांनी तिच्याकडे बघितलं. चेहरा पार उतरलेला.

"पोरी… सगळ्यांना मीच सांगतो ना. पाणी प्या, आणि गोळीही घ्या…"

ती निघाली तेव्हा मामा तसेच उभे होते. त्यानंतर त्यांनी कुणाच्या बाटलीवर हात ठेवला नाही. पुन्हा नळजोडणी धरली, तीही दुसऱ्या गावात.

ह्यांच्याकडे बाटलीत पाणी होतं अजून. वर साधं पाणी भरत राहिलं की आधीचा गुण नव्या पाण्यात उतरतो, असं सासूबाईंचं शास्त्र. आणि गुण उतरत होता, नाही कसं म्हणू? सासूबाई ठणठणीत झाल्या. जिना एका दमात चढायला लागल्या, वळणावर हवा न खाता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सुनेकडे बघून डोळे मिचकावले. आतल्या खोलीतली ओल आटली. खाटेवर एकच उशी राहिली. शिकवणीवालीने जाता येता सांगितलं, आजोबा आता गुणगुणतात हो दुपारचे, मुलांना आवडतं. औषधताई हसून हो म्हणाली. माणूस कशालाही हो म्हणायला शिकतं.

मग एक संध्याकाळ आली. सासूबाई दोन्ही ग्लास रिकामे करून बाहेर आल्या, ते ओट्यावर पालथे घातले, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या,

"उद्यापासून तिसरा कर."

औषधताईचा हात कणकेत होता. तो तिथेच राहिला.

"तिसरा… कोणासाठी?"

"मला काय ठाऊक? मी ओळखत नाही. ते म्हणाले, कुणीतरी आलंय. फार दमलंय म्हणे, वर चढवत नाही, वळणावर बसलंय." सासूबाईंनी पदर झटकला. "एकटंच नाही म्हणे."

नळ बंद होता. औषधताईला ऐकू आलं ते तेव्हा. घराच्या बाहेरच्या दारापलीकडून, जिन्यातून. कुणी बोलत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. फक्त श्वास. खूप जणांचे, आखूड आखूड, चढण चढून आल्यासारखे. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की खालचा, अगदी खालपर्यंत. ती गेली, दार उघडलं. जिन्यात संध्याकाळचा चांगला उजेड होता. कुणी नव्हतं. पण पायऱ्या ओल्या होत्या, सगळ्या, आणि प्रत्येक पायरीवर भिंतीच्या बाजूला तेवढी एक कोरडी जागा होती, माणूस बसल्याएवढी.

तिने दार लावलं. पाठ टेकून उभी राहिली.

"नाही केला तर, आई?" तिने विचारलं. "तिसरा ग्लास नाही केला तर?"

सासूबाईंच्या गालावर रंग होता. वर्षानुवर्षं दिसला नव्हता असा, जिवंत, गुलाबी रंग. त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, मायेने, अगदी मायेने.

"मग मी माझा देईन गं. तहानलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. औषधताईने चमचा घेतला आणि चुरायला बसली. एक पुडी बांधली. दुसरी बांधली. आणि मग, पोरी, ती बांधतच राहिली.

सासूबाई? आहेत की. ठणठणीत आहेत. मला विचारू नकोस कशा, गोळी पण घेतात आणि प्रार्थना पण करतात, एकाही दगडावरचा पाय काढायची त्यांची आता हिंमत नाही.

बास. संपलं. असं काय बघतेस? एक शब्द खरा वाटणार नाही म्हणाले होते ना मी. ऊठ, जा आता. आणि हे बघ, जिना उतरताना कठड्याला धरून, कडेकडेने उतर. भिंतीकडून नको. पाय पडेल कुणावर तरी.